पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : श्री घृष्णेश्वर मंदिराच्या जीर्णोद्धारकर्त्या

॥ श्री घृष्णेश्वर प्रसन्न ॥

द्वादश ज्योतिर्लिंगांच्या मालिकेत बारावे आणि अखेरचे स्थान श्री क्षेत्र वेरूळ येथील श्री घृष्णेश्वराचे आहे. सोमनाथापासून आरंभिलेली ज्योतिर्लिंगांची यात्रा येथे पूर्ण होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. जगप्रसिद्ध लेणी पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी वेरूळला येतात. लेण्यांपासून जवळच असलेल्या या लाल पाषाणाच्या मंदिरात भाविक जन्माचे सार्थक करण्यासाठी येतात. आज आपण ज्या वास्तूत श्रींचे दर्शन घेतो, ती वास्तू अठराव्या शतकात महाराणी अहिल्याबाई होळकर यांच्या औदार्याने उभी राहिली. या पुण्यश्लोक साध्वीचे चरित्र दर्शनास येणाऱ्या प्रत्येक भाविकास ज्ञात असावे, या हेतूने ते येथे संक्षेपाने दिले आहे.

क्षेत्राची कथा

श्री घृष्णेश्वराची कथा पुराणात सांगितली आहे. सुधर्मा नावाच्या ब्राह्मणास सुदेहा नावाची पत्नी होती. तिला अपत्य नव्हते, म्हणून तिने स्वतःच आग्रह धरून आपली धाकटी बहीण घुष्मा हिचा विवाह पतीशी लावून दिला. घुष्मा परम शिवभक्त होती. ती प्रतिदिनी मातीची शिवलिंगे करून त्यांचे पूजन करी व जवळच्या सरोवरात त्यांचे विसर्जन करी. शिवकृपेने तिला पुत्र झाला. पुढे मत्सराने ग्रासलेल्या सुदेहेने त्या तरुण पुत्राचा वध करून देह त्याच सरोवरात टाकला. घुष्मेने हे वृत्त ऐकूनही आपले नित्यपूजन सोडले नाही. लिंगविसर्जनासाठी ती सरोवरावर गेली तेव्हा पुत्र जिवंत होऊन तिच्यासमोर आला आणि भगवान शंकर प्रकट झाले. सुदेहेला दंड करण्यास सिद्ध झालेल्या शंकरांना घुष्मेने बहिणीला क्षमा करण्याची विनंती केली आणि लोककल्याणासाठी येथेच वास करावा, असा वर मागितला. घुष्मेच्या नावावरून या लिंगास घुष्मेश्वर म्हणतात. तेच घृष्णेश्वर होय.

सल्तनतीच्या काळात या स्थानाची मोठी हानी झाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला. वेरूळची पाटीलकी भोसले घराण्याकडे होती आणि घृष्णेश्वरावर त्या घराण्याची अपार निष्ठा होती. त्यानंतर अठराव्या शतकात होळकर घराण्यातील स्त्रियांनी हे कार्य आपल्याकडे घेतले. प्रथम सुभेदार मल्हारराव होळकर यांच्या पत्नी गौतमाबाई आणि नंतर त्यांच्या स्नुषा अहिल्याबाई यांच्या सेवेचा ठसा या क्षेत्रावर उमटलेला आहे.

जन्म आणि विवाह

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. घराणे धनगर समाजातील, साधे व धर्मपरायण होते. मुलींना अक्षरओळख करून देण्याची प्रथा नसलेल्या त्या काळात माणकोजींनी आपल्या कन्येस लिहिण्या-वाचण्यास शिकविले. पुढील काळात याच शिक्षणाच्या बळावर तिने एका विस्तीर्ण राज्याचे हिशेब स्वतःच्या नजरेखाली ठेवले.

पेशव्यांचे पराक्रमी सरदार मल्हारराव होळकर स्वारीच्या निमित्ताने चौंडीस उतरले असता, गावच्या देवळात पूजेस आलेली ही तेजस्वी बालिका त्यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी तिला आपली सून करण्याचा निश्चय केला, अशी परंपरागत कथा आहे. १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्याबाईंचा विवाह झाला. वयाच्या आठव्या वर्षी चौंडीची ही कन्या माळव्यातील एका उदयोन्मुख सत्ताधीशाच्या घरात आली.

स्वतः मल्हाररावांचा उदय सामान्य स्थितीतून झाला होता. जेजुरीच्या खंडोबावर त्यांची श्रद्धा होती आणि तलवारीवर त्यांचा भरवसा होता. वर्षातील बहुतेक काळ ते मोहिमांवर असत. घरचा कारभार गौतमाबाई करीत. त्या करारी, व्यवहारचतुर आणि देवभक्त होत्या. त्यांच्या शिस्तीत अहिल्याबाई तयार झाल्या. सूनबाईची बुद्धी आणि सचोटी पाहून मल्हाररावांनी हळूहळू तिच्यावर वसुली, धान्य व दाणागोट्याची रवानगी, तोफा व दारूगोळ्याची सिद्धता अशी कामे सोपविली. सासऱ्यांनी १७६५ मध्ये त्यांना धाडलेल्या पत्रात ग्वाल्हेरकडे कूच करण्याविषयी आणि तोफखान्याच्या बंदोबस्ताविषयी सूचना आहेत. देवपूजेत रमणारी ही स्त्री राज्यकारभारातही किती मुरलेली होती, याची त्यावरून कल्पना येते.

अहिल्याबाईंना १७४५ मध्ये मालेराव हा पुत्र आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई ही कन्या झाली.

कुंभेरीचा आघात

१७५४ मध्ये मराठ्यांच्या फौजांनी सूरजमल जाटाच्या कुंभेरी किल्ल्यास वेढा घातला. भरतपूरजवळच्या या वेढ्यात मार्च महिन्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव होळकर धारातीर्थी पडले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतिसाव्या वर्षात होत्या. तत्कालीन रूढीस अनुसरून त्यांनी सती जाण्याची तयारी केली. एकुलता एक पुत्र गमावलेल्या वृद्ध मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरला. खंडेराव गेला, आता तूच माझा पुत्र, तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने आणि या प्रजेने कोणाकडे पाहावे, अशा आशयाची त्यांची विनवणी होती. अहिल्याबाईंनी ती मानली. चितेकडे वळलेली पावले त्यांनी मागे घेतली व उरलेले आयुष्य कर्तव्यास वाहिले.

त्या दिवशी घेतलेला हा निर्णय किती मोलाचा होता, हे पुढील चाळीस वर्षांत दिसून आले. काशीचे विश्वनाथ मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, सोमनाथाची पुनःप्रतिष्ठा आणि वेरूळची ही वास्तू, या सर्वांची पायाभरणी एका अर्थाने कुंभेरीच्या त्या छावणीत झाली.

राज्याची धुरा

१७६१ हे वर्ष मराठी राज्यास पानिपतचा प्रलय दाखवून गेले. त्याच वर्षी गौतमाबाईंचेही निधन झाले. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. नातू मालेराव गादीवर आला. परंतु त्याची प्रकृती बिघडली आणि अवघ्या वर्षाच्या आत, १७६७ मध्ये, त्याचाही मृत्यू झाला. पती, सासू, सासरे आणि पुत्र असे सर्व आधार तेरा वर्षांत एकामागून एक गळून पडले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते.

घरात पुरुष वारस उरला नाही, हे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेऊन त्याच्या नावाने कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला आणि रघुनाथराव पेशव्यांना त्यात अनुकूल करून घेतले. अहिल्याबाईंनी हा बेत स्पष्ट शब्दांत नाकारला. एका राजाची पत्नी व दुसऱ्याची माता या नात्याने गादीची व्यवस्था ठरविण्याचा अधिकार आपला आहे, ही त्यांची भूमिका होती. रघुनाथराव फौज घेऊन क्षिप्रेच्या काठापर्यंत आले. अहिल्याबाईंनी लढाईची सिद्धता केली, शेजारच्या मराठा सरदारांना साहाय्यार्थ पत्रे पाठविली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. एका विधवा स्त्रीवर विजय मिळविला तरी त्यात कीर्ती नाही आणि पराभव झाला तर अपकीर्तीला अंत नाही, असा निरोप त्यांनी रघुनाथरावांना पाठविल्याचे सांगितले जाते. रघुनाथरावांनी धोरण बदलले व आपण केवळ सांत्वनासाठी आलो आहोत, असे सांगून माघार घेतली. माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या अधिकारास मान्यता दिली.

सत्ता हाती येताच त्यांनी घेतलेला पहिला मोठा निर्णय त्यांच्या दूरदृष्टीचा निदर्शक आहे. मल्हाररावांच्या विश्वासातील अनुभवी सेनानी तुकोजी होळकर यांची त्यांनी सेनापतिपदी योजना केली. लष्कर व दूरच्या मोहिमा तुकोजींकडे आणि माळव्याचा मुलकी कारभार स्वतःकडे, अशी ही विभागणी होती. तुकोजी वयाने मोठे असूनही त्यांना मातेसमान मान देत. मतभेदाचे प्रसंग आले, तरी ही व्यवस्था अहिल्याबाईंच्या अखेरपर्यंत जवळजवळ अठ्ठावीस वर्षे टिकली.

महेश्वरचा दरबार

अहिल्याबाईंनी आपले वास्तव्य इंदूरहून नर्मदातीरावरील महेश्वरला हलविले. तेथे त्यांनी घाट व मंदिरे बांधली, विणकरांना आश्रय दिला. महेश्वरी लुगड्यांची कीर्ती तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. दरबारात शास्त्री, पुराणिक, कीर्तनकार व कवी यांचा सन्मान होई. पंडितकवी मोरोपंतांनी त्यांच्या गौरवार्थ आर्या रचल्या, तर शाहीर अनंतफंदी यांना त्यांच्याच उपदेशाने कीर्तनाची वाट सापडली, अशी आख्यायिका आहे.

त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन माळव्यात काम केलेले इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम यांनी, अहिल्याबाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांकडून माहिती घेऊन, १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. सूर्योदयापूर्वी उठून त्या स्नान व पूजा करीत, पुराणश्रवण करीत, दानधर्म करीत व ब्राह्मणभोजनानंतर स्वतः साधे शाकाहारी अन्न घेत. दुपारी दोन वाजता दरबारात येऊन सायंकाळी सहापर्यंत त्या काम पाहत. पुन्हा पूजाअर्चा व अल्पोपाहार झाल्यावर रात्री नऊ ते अकरा कारभाराची कागदपत्रे पाहत. त्या पडदा पाळीत नसत आणि कोणाही फिर्याद्यास त्यांच्यासमोर येऊन आपले गाऱ्हाणे मांडता येई. आपल्या हातून होणाऱ्या प्रत्येक कृत्याचा जाब ईश्वरासमोर द्यावयाचा आहे, या जाणिवेने त्यांनी राज्य केले.

त्या काळी निपुत्रिक मनुष्य मरण पावला की त्याचे धन सरकारजमा करण्याचा मोह अनेक राज्यकर्त्यांना होत असे. अहिल्याबाईंनी विधवांचा आपल्या पतीच्या संपत्तीवरील व दत्तक घेण्याचा हक्क राखला. खरगोण येथील दोन सावकारांच्या निपुत्रिक विधवा आपले सर्व धन त्यांच्या चरणी अर्पण करण्यासाठी आल्या, तेव्हा त्यांनी ते स्वीकारले नाही. आपल्या हातांनीच ते लोकोपयोगी पुण्यकार्यात लावावे, असे त्यांनी त्यांना सुचविले. दात्याने द्रव्य देऊन मोकळे न होता, त्याचा सद्व्यय स्वतः पाहावा, ही त्यांची दृष्टी होती.

वाटसरूंना त्रास देणाऱ्या भिल्लांच्या बाबतीतही त्यांनी केवळ शस्त्राचा अवलंब केला नाही. डोंगरी मार्गाने जाणाऱ्या मालावर भिल्लांचा अल्पसा परंपरागत हक्क, म्हणजे ‘भीलकवडी’, त्यांनी मान्य केला व त्याच्या मोबदल्यात त्या मार्गाच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. यात्रेकरू व व्यापारी यांचा प्रवास त्यामुळे सुरक्षित झाला.

खासगी आणि दौलत

अहिल्याबाईंनी एवढी देवालये, घाट, धर्मशाळा, विहिरी व बारवा कोणत्या द्रव्यातून बांधल्या, हे समजून घेणे अगत्याचे आहे. होळकरांच्या उत्पन्नाचे दोन स्वतंत्र भाग होते. फौज व राज्य चालविण्यासाठी असलेले उत्पन्न म्हणजे ‘दौलत’ आणि राणीच्या स्वतःच्या खर्चासाठी लावून दिलेल्या गावांचे उत्पन्न म्हणजे ‘खासगी’. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३४ मध्ये ही खासगी जहागीर गौतमाबाईंच्या नावे करून दिली होती. गौतमाबाईंच्या पश्चात ती अहिल्याबाईंकडे आली.

खासगीच्या धनावर अहिल्याबाईंचा पूर्ण अधिकार होता. ते त्यांनी वस्त्रालंकारांत व ऐश्वर्यात खर्च केले असते तरी त्यांना विचारणारे कोणी नव्हते. परंतु वैधव्यात शुभ्र वस्त्र परिधान करणाऱ्या या साध्वीने त्या धनावर तुळशीपत्र ठेवले, म्हणजेच ते संपूर्णपणे धर्मकार्यास अर्पण केले. राघोबादादांनी एकदा खर्चासाठी त्यातील द्रव्य मागितले असता, दान म्हणून संकल्पपूर्वक घेणार असाल तरच ते देता येईल, असे त्यांनी कळविल्याची कथा प्रसिद्ध आहे. राज्याचा पैसा देवळास लावावयाचा नाही आणि देवाचा पैसा राज्यास वापरावयाचा नाही, असा काटेकोर हिशेब त्यांच्या कारकुनांना ठेवावा लागे.

त्यांच्या दानाची आणखी एक विशेषता आहे. मंदिर बांधून पूर्ण झाले म्हणजे आपले काम संपले, असे त्यांनी कधी मानले नाही. पूजा, नैवेद्य, नंदादीप, उत्सव, अन्नछत्र व सेवेकऱ्यांचे वेतन यांसाठी त्या कायमच्या नेमणुका करून देत. दूरदूरच्या देवस्थानांना अभिषेकासाठी गंगाजल पोहोचविण्याची व्यवस्था त्यांनी लावली होती. वास्तू उभी करणे हे एकदाच घडते. तिच्यातील दिवा मात्र रोज लावावा लागतो, याचे भान त्यांच्या प्रत्येक व्यवस्थेत आढळते.

उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया, थंडीत गोरगरिबांना वस्त्रे, नांगरणीच्या बैलांना भर उन्हात पाणी पाजण्यासाठी माणसे आणि पाखरांना धान्य खाता यावे म्हणून विकत घेऊन राखलेली उभी शेते, अशी त्यांची भूतदया मनुष्यापाशी थांबत नव्हती.

तीर्थक्षेत्रांची सेवा

अहिल्याबाईंचे राज्य माळव्यात होते. परंतु त्यांची सेवा राज्याच्या सीमांनी अडली नाही. काशी येथील श्री विश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभारले. मणिकर्णिका घाटाचे बांधकामही त्यांनी करविले. १७८३ मध्ये प्रभासपाटण येथे प्राचीन सोमनाथ मंदिराच्या भग्नावशेषांजवळ नवे शिवालय बांधून त्यांनी खंडित झालेली पूजा पुन्हा सुरू केली. १९५१ मध्ये नव्या भव्य मंदिरात ज्योतिर्लिंगाची प्रतिष्ठापना झाली. तरीही अहिल्याबाईंचे ते मंदिर आजही तेथे आहे आणि भाविक त्याचे दर्शन घेतात. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये त्यांच्याच द्रव्याने पूर्ण झाले.

महाराष्ट्रात परळी वैजनाथ व औंढा नागनाथ या ज्योतिर्लिंगांच्या जीर्णोद्धाराशी त्यांचे नाव जोडलेले आहे. जेजुरी हे होळकरांचे कुलदैवत खंडोबाचे स्थान; तेथे त्यांची सेवा आहे. पंढरपुरात होळकर वाडा व श्रीराम मंदिर, चांदवड येथे रंगमहाल अशा त्यांच्या काळाच्या खुणा ठिकठिकाणी आढळतात. बदरीनाथ, केदारनाथ, द्वारका, रामेश्वर व जगन्नाथपुरी या दूरस्थ क्षेत्रीही धर्मशाळा, अन्नछत्रे वा देवस्थानांस नेमणुका या रूपाने त्यांचे दान पोहोचले. यांतील बहुतेक ठिकाणी होळकरांची सत्ता नव्हती. इतरांच्या मुलखात बांधकाम करण्यासाठी तेथील सत्ताधीशांशी गोडीने बोलणे लावावे लागे. ते त्यांनी संयमाने केले.

एवढे करूनही स्वतःच्या स्तुतीची त्यांना मनस्वी चीड होती. एका ब्राह्मणाने त्यांच्या गुणगौरवपर ग्रंथ रचून तो त्यांना वाचून दाखविला. तो त्यांनी शांतपणे ऐकला, आपण एवढ्या स्तुतीस पात्र नसल्याचे सांगितले आणि तो ग्रंथ नर्मदेत सोडून देण्याची आज्ञा केली.

वेरूळची वास्तू

श्री घृष्णेश्वराचे विद्यमान मंदिर अहिल्याबाईंच्या सेवाकार्यातील एक अमोल लेणे आहे. साधारण २४० फूट लांब व १८५ फूट रुंद अशा आवारात असलेले हे मंदिर आकाराने मोठे नाही. परंतु त्याची प्रमाणबद्धता व कोरीवकाम पाहणाऱ्याचे भान हरपते. खालचा भाग लाल दगडाचा असून त्यावर देवदेवतांच्या व दशावताराच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. वरील भाग व शिखर विटा व चुन्याच्या गिलाव्याने घडविलेले आहे. सभामंडप चोवीस खांबांवर उभा असून खांबांवर पौराणिक प्रसंग कोरलेले आहेत. मंडपातील नंदी श्रींकडे तोंड करून बसलेला आहे.

मंदिराजवळच शिवालय तीर्थ हे चौफेर दगडी पायऱ्यांचे कुंड आहे. घुष्मा ज्या सरोवरात शिवलिंगांचे विसर्जन करी, ते हेच स्थान, असे भाविक मानतात. या तीर्थाच्या बांधणीचे श्रेयही अहिल्याबाईंकडे जाते. पायऱ्यांच्या कडेने बांधलेल्या लहान लहान देवळ्या, चिऱ्यास चिरा बसविण्यातील नेमकेपणा आणि पाण्यापर्यंत सुखाने उतरता येईल अशी पायऱ्यांची रचना पाहताना, बांधणाऱ्या पाथरवटांच्या कौशल्यापुढे नतमस्तक व्हावेसे वाटते.

घुष्मेस तिचा पुत्र याच तीर्थाच्या काठी परत मिळाला. अहिल्याबाईंना त्यांचा मालेराव परत मिळाला नाही. तरीही त्यांच्या भक्तीत उणेपणा आला नाही आणि ज्या स्थानी एका मातेचे मागणे पूर्ण झाले, त्या स्थानाची त्यांनी मनोभावे सेवा केली. शिवालय तीर्थाच्या पायरीवर क्षणभर बसणाऱ्या भाविकाने या दोन्ही मातांचे स्मरण करावे.

अखेरची वर्षे

उतारवयात तरी सुख लाभावे, एवढेही त्यांच्या नशिबी नव्हते. कन्या मुक्ताबाई हिचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. मुलखातील दंगेखोरांचा जो बंदोबस्त करील त्यास आपली कन्या देऊ, असे अहिल्याबाईंनी जाहीर केले आणि फणसे यांनी तो पराक्रम केला, अशी कथा सांगतात. मुक्ताबाईंचा पुत्र नथोबा हा आजीचा फार लाडका होता. त्याच्यात त्यांना वंशाचा आधार दिसत होता. तो तरुणपणीच निवर्तला. त्यापाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतराव फणसे यांचेही निधन झाले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला.

अहिल्याबाईंनी मुलीस परोपरीने विनविले. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी जी विनवणी त्यांच्यापाशी केली होती, तीच आता त्यांनी आपल्या लेकीपाशी केली. मल्हाररावांचे त्यांनी ऐकले होते. मुक्ताबाईंनी मातेचे ऐकले नाही. आई वृद्ध आहे, तिच्यानंतर आपल्यास कोणीच उरणार नाही, असे मुक्ताबाईंचे म्हणणे होते. अहिल्याबाई पायी चालत स्मशानापर्यंत गेल्या. चितेच्या ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला; त्यांना सावरून धरावे लागले. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, कोणाशी शब्दही बोलल्या नाहीत. अनेकांचे अश्रू पुसणाऱ्या या मातेस स्वतःच्या लेकीला त्या अघोरी रूढीपासून वाचविता आले नाही, हे तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठे शल्य होते. लेक व जावई यांच्या स्मरणार्थ त्यांनी छत्री बांधविली.

त्यानंतरही त्या दरबारात येत राहिल्या. होळकर व शिंदे यांच्यातील वितुष्ट विकोपास जाऊन १७९३ मध्ये लाखेरी येथे होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, हे दुःखही त्यांना पाहावे लागले. फिर्यादी येत होते, नेमणुकांचे कागद निघत होते, दूरच्या देवळांत त्यांच्या नावाचे नंदादीप तेवत होते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, महेश्वर येथे त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. वयाची सत्तर वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. त्यांची छत्री महेश्वर येथे नर्मदेच्या घाटावर आहे.

अखंड स्मरण

जनतेने त्यांना पुण्यश्लोक ही पदवी दिली. ज्यांचे नाव घेतले असता पुण्य लाभते, अशा नल, युधिष्ठिर यांसारख्या पुराणपुरुषांसाठी योजला जाणारा हा शब्द अठराव्या शतकातील एका विधवा स्त्रीला लावला गेला, यातच तिच्या थोरवीचे मर्म आहे. इंदूर येथील विद्यापीठास त्यांचे नाव आहे. १९९६ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठास आणि २०२४ मध्ये त्यांच्या जन्मजिल्ह्यास त्यांचे नाव देण्यात आले. २०२५ मध्ये त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली.

दर्शनार्थी भाविकांसाठी

श्री घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात प्रवेश करताना पुरुष भाविकांनी कमरेच्या वरील वस्त्रे काढून ठेवावयाची असतात. ही येथील जुनी प्रथा आहे. दर्शन झाल्यावर घाईने परत न फिरता सभामंडपातील खांब व बाह्यभिंतीवरील शिल्पे सावकाश पाहावीत. शिल्पांना हात लावू नये, त्यांवर कुंकू, गुलाल वा तेल वाहू नये. दोन शतकांहून अधिक काळ ऊन-पाऊस सोसलेला हा दगड आता भाविकांच्याच जपणुकीवर अवलंबून आहे. त्यानंतर शिवालय तीर्थाचे दर्शन घ्यावे. तीर्थात निर्माल्य, प्लास्टिक वा कपडे टाकू नयेत.

देवस्थानास यथाशक्ती दान देणाऱ्या भाविकांनी अहिल्याबाईंचा आदर्श समोर ठेवावा. नव्या बांधकामास हातभार लावणे पुण्यप्रद आहेच. तितकेच पुण्य रोजच्या पूजेस, अन्नदानास, स्वच्छतेस आणि जुन्या वास्तूच्या देखभालीस साहाय्य करण्यात आहे. दिलेल्या दानाची पावती अवश्य घ्यावी व त्याचा विनियोग कसा झाला, याची विचारणा निःसंकोचपणे करावी. देवाच्या पैशाचा चोख हिशेब ठेवणे ही या मंदिराच्या जीर्णोद्धारकर्तीने घालून दिलेली शिस्त आहे.

श्री घृष्णेश्वर सर्व भाविकांचे कल्याण करो.

॥ हर हर महादेव ॥